शेजारच्या दुकानात काय मिळतं?

नोकरी बदलायची म्हटली की नवी कंपनी आधी काय मागते? मागच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या. जुन्या ठिकाणी किती मिळत होते, आता किती हवेत, दुसरीकडून काही आलंय का, हे सगळं सांगितल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. मग नेमणूकपत्र येतं आणि त्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की पगार ही गोपनीय बाब आहे, सहकाऱ्यांशी चर्चा करू नये. आपलं सगळं त्यांना ठाऊक, त्यांचं आपल्याला काहीच नाही.

सांगलीचा माझा भाचा मध्यंतरी अशी दोन पत्रं घेऊन माझ्याकडे बंगळूरला आला. ‘मावशी, कुठली घेऊ?’ नावं दोन्ही मोठी, सीटीसीत, म्हणजे कंपनीला वर्षाला पडणाऱ्या एकूण खर्चात, फरक सव्वा लाखाचा. मी वही काढली आणि आकडे सुटे करून मांडले. ज्या पत्रातला आकडा मोठा, त्यात मालकाच्या वाट्याचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि ‘कामगिरीनुसार’ मिळाली तर मिळणारी रक्कम, सगळं एकत्र मळून लाडू वळलेला होता. ते बाजूला काढल्यावर दरमहा हातात पडणारे पैसे दोन्हीकडे जवळपास सारखेच. म्हटलं, ‘तुझ्या कॉलेजची पोरं आहेत ना तिथं? त्यांना किती मिळतात विचार की.’ तो दचकलाच. ‘मावशी, असं कोण विचारतं?’

बंगळूरच्या शिवाजीनगरात सगळे विचारतात. आमच्या या भागात रसेल मार्केट आहे, बौरिंग हॉस्पिटल आहे, बसस्टँड आहे आणि कमर्शियल स्ट्रीटच्या अंगाला सोन्याचांदीची दुकानं आहेत. तिथं एका अरुंद जिन्यावरच्या खोलीत विट्याकडचे एक गलाईवाले बसतात. भट्टी, मुशी, चिमटे, टाकणखाराची बरणी आणि घशात बसणारा तेजाबाचा वास. सराफांकडचं मोडीचं सोनं, अगदी दुकानातला झाडलेला कचरासुद्धा गाळून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं, हा धंदा. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली ही माणसं याच धंद्यावर देशभर पसरली. मी त्यांना पोरांच्या पगाराचं विचारलं, तर त्यांनी आपल्या दुकानातला तर सांगितलाच, शेजारच्या आणि समोरच्या दुकानातलाही सांगून टाकला. ‘लपवून काय ऱ्हातंय ताई? पोरं सगळी आमच्याच गावाकडची. रातच्याला जेवायला बसली की कुणाला किती ते निघतंयच. मी पाचशे कमी दिलं तर सोमवारी पोरगं समोरच्या दुकानात.’

या खोलीचं मूल्यमापन करायचं तर पगाराची पारदर्शकता पैकीच्या पैकी. विविधता शून्य, कारण माणसं सगळी एका पट्ट्यातली, नात्यागोत्यातली आणि सगळे पुरुष. नेतृत्वाचं मात्र ऐकण्यासारखं आहे. आज भट्टीपुढं बसलेलं पोरगं काही वर्षांनी दुसऱ्या शहरात स्वतःचं दुकान मांडतं. आमचे हे गलाईवालेही असेच कुणाच्या तरी हाताखाली शिकून मालक झाले. पगार, माणसं आणि वर चढायची वाट, हे तिन्ही इथं एका नजरेत दिसतं. काचेच्या इमारतीत ते शोधावं लागतं.

पण शोधलं तर सापडतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. कंपन्या स्वतः ही तुलना अगदी नेमानं करतात. मर्सर, एऑन यांसारख्या सल्लागार संस्था पगारांची सर्वेक्षणं करतात. कंपन्या आपले आकडे त्यांना देतात आणि बदल्यात बाजारभाव विकत घेतात. तुमच्या पदाला बाजारात काय मिळतं, हे एचआरच्या टेबलावर आधीच असतं. तुम्ही तेवढे अंदाजानं बोलत असता.

आपल्या बाजूला कायद्यानं दोन कागद ठेवलेत. पहिला 2013 च्या कंपनी कायद्यातला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला, प्रत्येक संचालकाचं वेतन कर्मचाऱ्यांच्या मधल्या पगाराच्या किती पट आहे, ते दरवर्षी जाहीर करावं लागतं. मधला पगार म्हणजे सरासरी नव्हे. सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं, तर बरोबर मध्ये जो येईल त्याचा पगार. एका बड्या साहेबाच्या पगारानं सरासरी फुगते, मधला माणूस मात्र जागचा हलत नाही. दुसरा कागद शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा. 2022-23 पासून बाजारमूल्यानं पहिल्या एक हजार कंपन्यांना ‘बीआरएसआर’ नावाचा अहवाल द्यावा लागतो. वार्षिक अहवालाच्या पोटात असतो, कंटाळवाणा असतो आणि फुकट असतो.

भाच्याला शेजारी बसवून आम्ही वाचायला घेतलं. इन्फोसिसचे सलील पारेख यांचं 2024-25 चं वेतन 80.62 कोटी रुपये, कंपनीतल्या मधल्या पगाराच्या 752 पट. टीसीएसचे के. कृतिवासन यांचं त्याच वर्षीचं 26.52 कोटी. पहिल्या नजरेत वाटतं, एकीकडे उधळपट्टी, दुसरीकडे काटकसर. नीट पाहिलं तर पारेख यांच्या रकमेत मोठा वाटा शेअर्सचा आहे, कृतिवासन यांच्या रकमेत कमिशनचा. शेअरचा भाव आणि तो हातात येण्याचं वर्ष यांवर पहिला आकडा वर-खाली होतो. दोन साहेबांची तुलना एका वर्षाच्या आकड्यावर करणं तितकंसं बरोबर नाही. खरा प्रश्न खालच्या टोकाला आहे. याच क्षेत्रात नवख्या इंजिनिअरचा पगार दहा वर्षांहून अधिक काळ वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतोय. शिवाजीनगरातलं घरभाडं काही घुटमळत बसलेलं नाही.

विविधतेच्या बाबतीत दोन्ही कंपन्यांचे आकडे बरे म्हणावेत असे आहेत. इन्फोसिसमध्ये सुमारे 39 टक्के स्त्रिया, टीसीएसमध्ये सुमारे 35 टक्के. माहितीपत्रकात हाच आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. मी भाच्याला तो सोडून पुढे जायला सांगितलं. बीआरएसआरमध्ये पुरुषांचा मधला पगार आणि स्त्रियांचा मधला पगार वेगवेगळा दिलेला असतो. एकूण पगारापैकी स्त्रियांच्या हाती किती टक्के जातो, तेही असतं. माणसांत 39 टक्के आणि पगारात त्याहून बरंच कमी असलं, तर स्त्रिया खालच्या पायऱ्यांवर दाटल्या आहेत असं समजावं. सारख्याच कामाला कमी पैसे देतात असा त्याचा अर्थ लगेच होत नाही, पण वर जाताना त्या गळतात एवढं कळतं. आणि कुठं गळतात, तेही त्याच अहवालात सापडतं. बाळंतपणाच्या रजेनंतर किती जणी परतल्या आणि परतलेल्यांपैकी वर्षभरानंतर किती टिकल्या, हे दोन आकडे त्यात असतात. कंपनीचा स्वभाव कळायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पूर्वी हे कळायला अहवाल लागत नसे. 1974 साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, टेल्कोची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असं त्यात सरळ छापलेलं होतं. त्यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि पुण्यात टेल्कोची नोकरी मिळवली. आज तशी जाहिरात कुणी छापणार नाही. भेदभाव करायचाच असेल तर तो न छापता होतो, म्हणून आकडे वाचावे लागतात.

राहिलं नेतृत्व. संचालक मंडळातल्या स्त्रिया मोजून फारसं हाती लागत नाही, कारण एक तरी स्त्री बसवणं शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना कायद्यानंच भाग आहे. बघायचं ते मंडळाच्या खालची पायरी भरलेली आहे का, आणि तिथं बसलेले लोक आतून वर आलेत का. आपल्या कोल्हापुरात वाढलेल्या लीना नायर सांगलीच्या वालचंद कॉलेजात इंजिनिअर झाल्या, जमशेदपूरला एक्सएलआरआयमध्ये शिकल्या आणि 1992 मध्ये हिंदुस्थान लिव्हरमध्ये शिकाऊ म्हणून लागल्या. 2016 मध्ये त्या युनिलिव्हरच्या जगभरच्या मनुष्यबळ प्रमुख झाल्या. त्यांच्याच कारकिर्दीत, 2020 मध्ये, जगभरातल्या व्यवस्थापकांमध्ये निम्म्या स्त्रिया असल्याचं युनिलिव्हरनं जाहीर केलं. 2022 च्या जानेवारीत त्या शनेलच्या प्रमुख झाल्या. अशी पायरी भरलेल्या हिंदुस्थान युनिलिव्हरलासुद्धा पहिली स्त्री मुख्य कार्यकारी, प्रिया नायर, मिळायला 2025 चा ऑगस्ट उजाडला. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो या तिघींत तर ती खुर्ची आजवर एकाही स्त्रीला मिळालेली नाही. कामावर 39 टक्क्यांपर्यंत, वरच्या खुर्चीत शून्य, ही तफावत पहिल्या पानावर छापली जात नाही.

एक अडचण आहे. बंगळूरात आज बऱ्याच नव्या नोकऱ्या निघतात त्या परदेशी कंपन्यांच्या इथल्या केंद्रांत. ती शेअर बाजारात नोंदलेली नसतात, त्यामुळे हे कागद त्यांना लागू नाहीत. कंपनी मूळची ब्रिटिश असेल, तर 2017 पासून अडीचशे किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या मालकांना तिथं स्त्री-पुरुष वेतनातली तफावत जाहीर करावी लागते, ती बघावी. युरोपीय महासंघानं तर 2023 मध्ये नियमच केला, की उमेदवाराला मागचा पगार विचारायचा नाही, जागेचा पगार आधी सांगायचा आणि कर्मचाऱ्यांना आपसांत पगार बोलायला मनाई करायची नाही. सदस्य देशांना त्यासाठी जून 2026 ची मुदत दिली. आपल्याकडे समान कामाला समान वेतन हे 1976 पासून कायद्यात आहे, आता ते वेतन संहितेत आलं. पण शेजारच्या टेबलावर काय मिळतं हेच कळत नसेल, तर असमान मिळतंय हे सिद्ध कशानं करायचं?

शेवटी भाच्यानं धीर करून कॉलेजच्या एका सीनिअरला फोन लावला. त्यानं आढेवेढे न घेता आकडा सांगितला आणि विचारलं, ‘तुला किती देतायत?’ भाच्यानं सांगितलं. पलीकडे जरा वेळ कुणी बोलेना. चार वर्षं घासलेल्या माणसापेक्षा नव्या पोराला जेमतेम काही हजार कमी होते. सीनिअरनं दुसऱ्याच दिवशी मॅनेजरची वेळ मागितली.

भाच्यानं सीटीसी कमी असलेली नोकरी धरली. हातात पडणारे पैसे तेवढेच, शिवाय तिथं बाळंतपणानंतर परतलेल्या बायका टिकतात आणि मधल्या जागांवर आतून चढलेली माणसं आहेत. जिथं इतरांना वर जाता येतं तिथं त्यालाही येईल, असा त्याचा हिशोब. त्याच्या आईला मात्र तो अजून पटलेला नाही, कारण शेजारणीच्या मुलाचा आकडा मोठा आहे. तिला मी सांगितलंय, त्यातले हातात किती पडतात, ते एकदा विचारून ये.