पाचोळा जाळू नका, सर

परसबाग स्पर्धेचे दिवस आले की माझा फोन वाजू लागतो. या आठवड्यात फोन आला तो शेजारच्या तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकांचा. ‘ताई, तुम्ही त्या झेडपीच्या शाळेला बाग आखून दिलीत ना, तसलंच डिझाइन आम्हाला पाहिजे. पंधरा दिवसांनी तपासणी आहे.’ पंधरा दिवसांत साधी मेथी काढणीला येत नाही, बाग कुठून उभी राहणार? तसं त्यांना सांगितलं. पण आवाजात तळमळ होती, म्हणून शाळा पाहायला गेले.

त्यांना हवी होती ती बाग पर्माकल्चर पद्धतीची. टास्मानियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी ही पद्धत मांडली. 1978 मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं. आपल्याकडे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळ्यापासून माती घडवायला शिकवलं, ‘विपुलाच सृष्टी’सारखं पुस्तक लिहिलं. शाळांमधल्या पोषण बागांसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनाही 2019 मध्ये निघाल्या. माहितीची वाण कुठेच नाही.

शाळेची बाग मात्र घरच्या बागेसारखी आखता येत नाही, हे मी त्या झेडपीच्या शाळेत शिकले. घरी बारा महिने माणूस असतो. शाळा नेमकी मे महिन्यात बंद. ऊन सर्वांत कडक तेव्हा पाणी घालायला कोणी नाही आणि फाटकाला कुलूप. म्हणून शाळेची बाग आखायची ती मे महिना डोळ्यांपुढे ठेवून. आठवड्याच्या एका पाण्यावर जे तगेल तेच कायमचं लावायचं: शेवगा, कढीपत्ता, सीताफळ, लिंबू, हादगा. (दरवर्षी हादग्याची गाणी म्हणणाऱ्या मुलींनी हादग्याचं झाड कधी पाहिलंच नव्हतं. आता त्याच्या फुलांची भाजी त्या आवडीने खातात.) भाजीचे वाफे जून ते फेब्रुवारी. मार्चअखेर ती जमीन झाकून टाकायची आणि पावसाची वाट बघायची.

पाणी शोधलं मुलांनी. आम्ही मोठी माणसं बोअर आणि पाइपलाइनवर बोलत बसलो होतो. तिसरीतल्या एका मुलीने ओढत नेऊन दाखवलं, की खिचडीची ताटं धुतलेलं पाणी कुंपणाच्या भोकातून रस्त्यावर जातं. ताटं राखेने घासली जात होती, म्हणजे पाण्यात साबणही नव्हता. ते पाणी वळवलं आणि तिथे केळी आणि अळू लावलं. सातवीच्या मुलांनी पत्र्याचं क्षेत्रफळ काढलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. छत शंभर चौरस मीटर, वर्षाचा पाऊस साधारण 500 मिलिमीटर, म्हणजे 50 हजार लिटर. मुलांचा विश्वास बसेना. पुन्हा पुन्हा गुणाकार करून पाहत होती. थोडं पाणी वाया जातं हे धरलं, तरी एवढं पाणी दरसाल पन्हाळीतून गटारात चाललं होतं.

आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी! बाग त्यांच्या चुलीसाठी, पण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर म्हणाल्या, ‘कोबी-फ्लॉवर तुम्ही कुठं बी लावा. मला कढीपत्ता नि कोथिंबीर पातेल्याजवळ द्या. फोडणी टाकून मी लांब जाऊ का?’ जे रोज लागतं ते दाराशी, जे क्वचित लागतं ते लांब, हा मॉलिसन यांच्या मांडणीतला मुख्य नियम मावशींनी एका दमात सांगितला. कुठल्याही शाळेची बाग आखताना पहिली बैठक चुलीपाशी घ्यावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

आता या आठवड्यातल्या शाळेबद्दल. आवार मोठं, कडेने शिरीष, करंज, कडुनिंब. परिपाठाआधी मुलं मैदान झाडत होती आणि कुंपणाच्या कोपऱ्यात पाचोळ्याचा ढीग धुमसत होता. धूर थेट पहिलीच्या वर्गात जात होता. सर अभिमानाने म्हणाले, ‘परिसर कसा लख्ख ठेवलाय, बघा.’ त्यांच्या हातातल्या तपासणीच्या कागदावर ‘परिसर स्वच्छता’ होती. पाचोळ्याचं काय केलं, हा रकाना नव्हता. वाफ्यांसाठी गावाबाहेरून दोन ट्रॉली माती आणि पोत्यांनी खत मागवायचं चाललं होतं. मला मनापासून वाईट वाटलं. पेव्हर ब्लॉकवरचा माझा राग या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. पाचोळा जाळणं मला त्याहून वाईट वाटतं.

‘राखेचं खत होतं की, ताई,’ सर म्हणाले. होतं, पण किती? राखेत पालाश उरतं. नत्र धुरासोबत जातं आणि मातीला भुसभुशीत करणारा, ओल धरून ठेवणारा सगळा सेंद्रिय भाग जळून जातो. आपल्याकडे बहुतेक झाडं पानं गाळतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे जमीन तापायच्या अगदी तोंडावर. मे महिन्याचं पांघरूण झाडं स्वतःच एप्रिलच्या आधी जमिनीवर टाकतात. शाळेला सुट्टी, पाणी घालायला कोणी नाही, या अडचणीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आवारातच पडलेला असतो. आळ्यात चार बोटं जाडीचा पाचोळा पसरला की ओल टिकते आणि एका पाण्यावर झाड जास्त दिवस काढतं.

सरांचा दुसरा आक्षेप खरा होता. ‘पाचोळ्यात साप-विंचू निघाला आणि एखाद्या पोराला काही झालं तर?’ ही भीती उडवून लावू नये. ढीग वर्गांपासून लांब, उघड्यावर, जाळीच्या गोल कुंपणात करावा. मुलांनी बाहेरूनच पाटी रिकामी करावी, आत हात घालू नये. वरखाली करायचं काम मोठ्या माणसाने दाताळ्याने करावं. खेळायच्या जागेत पाचोळा नको, पण आळ्यात हवा. शेणकाला शिंपडून ढीग ओलसर ठेवला, तर सहा-आठ महिन्यांत काळं खत हाताला लागतं आणि विकतच्या मातीची ट्रॉली वाचते. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या उपक्रमातून पाचोळा नको असलेले आणि हवा असलेले लोक 2016 पासून एकमेकांना गाठत आले आहेत. शहराला जे जमतं ते दारात गोठा असलेल्या गावाला का जमू नये?

स्पर्धेचं काय ठरलं, ते मी विचारलेलं नाही. सरांनी जाळी आणायचं कबूल केलं आहे आणि मावशींशी बोलायचंही.

वाचकांकडे मात्र एक मागणं आहे. पानगळ सुरू झाली आहे. तुमच्या गावच्या, गल्लीतल्या शाळेत सकाळी धूर दिसला तर आत जा आणि मुख्याध्यापकांशी बोला. जाळीचा खर्च शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा. शाळेच्या शेजारी राहत असाल तर फाटकाची एक किल्ली मागून घ्या आणि मे महिन्यात आठवड्यातून एकदा त्या झाडांना पाणी घाला.