बायकांचं पान

वर्तमानपत्रातलं बायकांचं पान आपण उघडतो ते लोणच्याची कृती कापून ठेवायला. घरातली पुरुष मंडळी तर ते उघडतही नाहीत! गंमत म्हणजे, ज्या बाईंनी इंग्लंडात या पानाला मान मिळवून दिला, त्या मेरी स्टॉट यांना ते पान नकोच होतं.

मेरीबाईंचा जन्म १९०७ चा, लेस्टर शहरातला. आई-वडील दोघंही पत्रकार. सतराव्या वर्षी त्या 'लेस्टर मेल'मध्ये लागल्या. एकोणिसाव्या वर्षी बायकांचं पान गळ्यात पडलं, तेव्हा त्या अगदी खट्टू झाल्या. खऱ्या पत्रकारितेचं दार आता बंदच, असं त्यांना वाटलं. पुढे 'मँचेस्टर इव्हिनिंग न्यूज'मध्ये त्या उपसंपादक झाल्या. पण वरची जागा पुरुषालाच मिळायला हवी, म्हणून १९५० मध्ये त्यांना तिथून जावं लागलं. कामात खोट नव्हती बरं का!

१९५७ मध्ये 'मँचेस्टर गार्डियन'ने बोलावलं, तेही पुन्हा बायकांच्याच पानासाठी. या खेपेला मात्र बाईंनी वाचकांच्या पत्रांना मानाची जागा दिली. १९६० मध्ये मोरीन निकोल या गृहिणीने लिहिलं, की लहान मुलांमुळे घरात अडकलेल्या, पण डोकं चालू ठेवू पाहणाऱ्या बायकांची एक नोंदवही का करू नये? त्या चार ओळींतून 'नॅशनल हाऊसवाइव्ज रजिस्टर' उभं राहिलं. तिथल्या बैठकीत घरकामाच्या गप्पा टाळायच्या, असा दंडक! दुसऱ्या वर्षी बेल टुटायेव्ह यांचं पत्र आलं: सरकार बालवाड्या काढत नसेल, तर आपणच काढू या. बघता बघता आयांनी चालवलेले खेळगट देशभर झाले.

वेगळं पान म्हणजे बायकांना कोपऱ्यात बसवणं, असं काही जणी म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. ही पत्रं पहिल्या पानावर कोणी छापली असती?

१९७२ मध्ये बाईंनी ते पान सोडलं, पण स्वस्थ बसल्या नाहीत. नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून इतर पत्रकार बायकांबरोबर त्या झटल्या. १९७५ मध्ये तो झाला. २००२ मध्ये त्या गेल्या.

आमच्या गल्लीतही शाळा सुटल्यापासून आई कामावरून येईपर्यंत मुलं जिन्यात बसून असतात. त्याबद्दल मी संपादकांना लिहिलेलं पत्र गेले दोन महिने डाळीच्या डब्याखाली पडून आहे. तुमच्याकडे या मुलांची काही सोय असेल, तर मला जरूर कळवा.