विश्लेषण : जुन्या संगणकावर प्रोग्रामिंग शिकण्यासाठी मुक्त साधनेच का हवीत?

विंडोज १० ला मिळणारे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवणूक आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. पाथरीसारख्या तालुक्याच्या गावात कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा घरी दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक असेल, तर तो या अटींत बहुधा बसत नाही. मग तो भंगारात काढायचा का? निदान प्रोग्रामिंग शिकण्यासाठी तरी तशी गरज नाही.

टर्बो सी++ ची सवय कशी लागली?

महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांनी सी++ चा पहिला प्रोग्राम टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर लिहिला. बोरलँड या अमेरिकी कंपनीचे हे व्यावसायिक उत्पादन १९९० मध्ये डॉससाठी आले. ते आकाराने लहान होते आणि कमी रॅमवर चालत असे. त्याच्या प्रती सीडी आणि पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरल्या. सॉफ्टवेअर फुकट मिळाले, पण त्यासोबत परवाना मिळालाच असे नाही. आज ६४ बिट विंडोजवर ते थेट चालतही नाही. त्यासाठी डॉसबॉक्सचा आधार घ्यावा लागतो.

त्यात बिघडते काय?

सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये ठरले. टर्बो सी++ त्याआधीचे. त्यामुळे ‘आयओस्ट्रीम.एच’ किंवा ‘व्हॉइड मेन’ लिहिण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्याचा कोड आजचा जीसीसी कंपायलर नाकारतो. आणखी एक उदाहरण पाहा. टर्बोच्या साध्या ‘इंट’मध्ये ३२,७६७ पर्यंतचाच आकडा मावतो. १० क्विंटल सोयाबीन आणि ४,००० रुपये भाव यांचा गुणाकार त्यात केला, तर ४०,००० ऐवजी उणे २५,५३६ असे उत्तर येते. कोडमधले सूत्र बरोबर असते, तरी विद्यार्थी स्वतःची चूक शोधत बसतो.

पर्याय कोणता?

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला जीसीसी हा मुक्त कंपायलर आजही सातत्याने सुधारला जातो. सोबत जीनीसारखा हलका एडिटर पुरतो. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी रॅमवर चालू शकते. संगणक ३२ बिट असेल तर डेबियन १२ वापरता येते. डेबियन १३ मध्ये मात्र ही सोय उरलेली नाही. 

मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटीही विद्यार्थ्यांना मोफत आहे. पण त्याच्या २०२२ च्या आवृत्तीला किमान ४ जीबी रॅम लागते आणि १६ जीबीची शिफारस आहे.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतला फरक इथे कळतो. मोफत वस्तूच्या अटी कंपनी ठरवते. मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि त्याची प्रत दुसऱ्याला देण्याचा हक्क परवान्यातच असतो. एकदा डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर घेतले, की लॅबमधील सगळ्या संगणकांवर ते कायदेशीरपणे बसवता येते. जिथे इंटरनेट धीमे आहे, तिथे हा हक्क विशेष उपयोगाचा.

अडचणी नाहीत का?

आहेत. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. त्यामुळे कार्यालयातील संगणक आणि प्रोग्रामिंगची लॅब यांचा निर्णय वेगवेगळा घ्यायला हवा. ‘क्लिअर स्क्रीन’सारख्या जुन्या आज्ञा जीसीसीमध्ये जशाच्या तशा चालत नाहीत, म्हणून प्रात्यक्षिकांच्या वह्या बदलाव्या लागतील. शिक्षकांवर कामाचा बोजा आधीच आहे, हेही खरे. मात्र आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात जीसीसीवर सी आणि सी++ शिकवणारे धडे मराठीतून उपलब्ध आहेत. केरळच्या सरकारी शाळांनी तर अनेक वर्षांपासून संगणक शिक्षणासाठी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले आहे.

आता काय करावे?

सगळी लॅब एका दिवसात बदलण्याचे कारण नाही. आधी दोन संगणकांवर लिनक्स बसवावे, एक सत्र तिथेच प्रात्यक्षिके घ्यावीत. परीक्षकांनीही मानकानुसार लिहिलेल्या कोडला पूर्ण गुण द्यावेत. तसे झाले नाही, तर विद्यार्थी जुनीच सवय धरून बसतील. नवा संगणक घेणे पाथरीतील प्रत्येक घराला परवडणार नाही. पण म्हणून तिथल्या मुलांनी पस्तीस वर्षांपूर्वीचे प्रोग्रामिंग शिकावे, हे कुणी ठरवले?