मोगलीची मायबोली

अलीकडे चाळिशीत शिरलेल्या माणसांना एक नवे दुखणे जडले आहे. चार जण जमले की कोणी तरी ‘जंगल बुक’चे शीर्षकगीत गुणगुणतो, दुसरा ‘डक टेल्स’ची आठवण काढतो, आणि मग रविवारची सकाळ, दूरदर्शन व हिंदीत बोलणारी चित्रे, असले बालपण पुन्हा होणे नाही, असा निष्कर्ष एकमुखाने निघतो. आमच्या गांधीबागेत, कापडाच्या ठोक दुकानांत, हे गहिवरणे मी पुष्कळ ऐकले आहे. त्यात खोटे काही नाही. मी त्याच पिढीचा. परंतु या गहिवराला जाब विचारणारा कोणी भेटत नाही, म्हणून हा खटाटोप.

मोगलीचेच घ्या. किपलिंगच्या १८९४च्या पुस्तकात तो वाढला सिवनीच्या डोंगरांत, वैनगंगेच्या परिसरात. सिवनी नागपूरहून सुमारे सव्वाशे किलोमीटर; त्या काळी मध्य प्रांतात, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. तीच वैनगंगा पुढे भंडारा जिल्ह्यात उतरते, पवनीवरून वाहते. म्हणजे मोगली हा आमच्या शेजारचाच पोर! तो इंग्रजीतून जपानला गेला. तेथे १९८९ साली त्याची ५२ भागांची चित्रमालिका झाली. आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी तो हिंदी बोलत आमच्या घरी परतला. गीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचे, आणि शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा. मुरूड-जंजिऱ्याच्या या माणसाला तीच डरकाळी मराठीत फोडावयास कितीसे कष्ट पडले असते? पण तशी मागणी आम्ही केली नाही, आणि न मागता कोण देतो?

‘सिवनीचा पोर हिंदी बोलला तर बिघडले काय?’ असे कोणी विचारील. गावाचाच न्याय लावावयाचा तर त्याने गोंडीही बोलावयास हवी, ते असो. हिंदीशी माझे भांडण नाही. १९५६ पर्यंत या शहराने हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या राज्याचा संसार सांभाळला आहे, आणि ‘काय करून राहिला?’ हे आमचे मराठी ऐकून पुणेकर हसतात, ते खुशाल हसोत. माझे भांडण आहे ते हिशेबनीसाशी. मराठी मुलांना हिंदी कळते, मग दुसऱ्यांदा खर्च कशाला, हा त्याचा हिशेब. आम्हांला दोन भाषा येतात याचे बक्षीस म्हणून आमची एक भाषा वगळण्यात आली.

तमिळ मुलांसाठी २००७ साली ‘चुट्टी’ ही स्वतंत्र वाहिनी निघाली. २००९ साली तेलुगू आणि कन्नड मुलांच्या वाहिन्या आल्या, आणि २०११ साली मल्याळी मुलांची. २०२१ साली ‘ई टीव्ही बाल भारत’ १२ भाषांत निघाली व त्यांत मराठीलाही पान वाढले गेले. तोवर ‘चुट्टी’ पाहणारी पहिली पोरे मोठी होऊन कामधंद्याला लागली होती. विशेष हे, की हिंदी संवाद भरण्याचा हा सारा उद्योग मुख्यतः मुंबईत चालतो. महाराष्ट्राच्या राजधानीत!

याचा परिणाम मला मधल्या सुट्टीत दिसतो. ज्या दोन मुलांच्या घरी मराठीच बोलली जाते, ती दोघे वर्गात मराठीत उत्तरे देतात, आणि मैदानावर लुटुपुटूची लढाई सुरू झाली की, ‘अब तू नहीं बचेगा!’ राक्षस हिंदीत, जादू हिंदीत, उडणे हिंदीत. मराठीला उरले काय? तर शुद्धलेखन आणि आईची रागावणी. ज्या भाषेत मूल खेळत नाही, तिच्यात ते पुढे कादंबरी वाचील, ही आशा मी कोणत्या आधारावर करावी? (कादंबरीकार आहे, म्हणून माझा स्वार्थ येथे उघड आहे.)

‘मराठीत ही चित्रे बावळट वाटतात,’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो आमच्याच लोकांचा. मग मद्रासेत निघणारा ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठी मुलांच्या हाती पडला, त्यातला वेताळ कोणाला बावळट वाटला? भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नचे नायक मराठीत आणले, तेव्हा कोणी नाके मुरडली? हा आक्षेप घेणाऱ्या एका मित्राला मी विचारले, की जपानी चित्रातले अस्वल हिंदी बोलते, ते तुला कसे बावळट वाटले नाही? तो म्हणाला, ‘लहानपणापासूनची सवय.’ त्याच्या घरी आठ वर्षांची मुलगी आहे, आणि टीव्हीच्या रिमोटवर भाषा बदलण्याची सोयही आहे.