कमावती लेक आणि तिजोरीची किल्ली

गेल्या महिन्यांत आमच्या शाळेचें स्नेहसंमेलन झालें. सातव्या इयत्तेंतील एका मुलीनें लावणीवर नाच केला. नाच खरोखरच उत्तम झाला. मंडळींनीं टाळ्या पिटल्या, कोणी दहा-वीसच्या नोटा ओवाळून टाकल्या, पुढच्या खुर्च्यांवरील पुढाऱ्यांनीं मोबाइलवर त्याचें चित्रण करून घेतलें. दुसऱ्या दिवशीं त्याच खुर्च्यांवरचे दोघे गृहस्थ शाळेंत आले आणि विचारूं लागले, "गुरुजी, आमच्या पोरींना तमासगिरणी करायचं ठरवलंय का?" तिसऱ्या दिवशीं मुलीचा बाप आला. त्याचा प्रश्न निराळाच होता. एका ऑर्केस्ट्रावाल्यानें मुलीस मागितली आहे, रात्रीमागें बरे पैसे देतो म्हणतो, तर परीक्षेपर्यंत तिची हजेरी तेवढी सांभाळून घ्याल काय, असें तो हळूच विचारीत होता. आम्हीं साफ नाहीं म्हटलें. पण ह्या तीन दिवसांत आम्हांस एका बाईची वारंवार आठवण झाली; तिची हकीकत आमच्या बहुजनसमाजानें नीट समजून घ्यावी म्हणून हा लेखनप्रपंच. ती बाई म्हणजे हंसा वाडकर.

हंसाबाईंचें मूळचें नांव रतन साळगांवकर. जन्म १९२३ सालचा. घराणें कलावंतिणीचें. १९३६ सालीं 'विजयाचीं लग्नें' ह्या बोलपटांत त्या प्रथम पडद्यावर आल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें तेरा वर्षांचें, म्हणजे आमच्या सातवी-आठवीच्या बांकावर बसावयाचें. सिनेमांत जाणें कमीपणाचें, तेव्हां साळगांवकर हें आडनांव पडद्यावर दिसूं नये म्हणून त्या वाडकर झाल्या. वाचकहो, ह्या एवढ्याशा गोष्टींत साऱ्या पुढल्या आयुष्याचें बीज आहे. मुलीची मिळकत घरास चालत होती. मुलीस घराचें नांव मात्र द्यावयाचें नव्हतें!

पुढें बाईंनीं नांव काढलें. बॉम्बे टॉकीजच्या 'नवजीवन'मध्यें १९३९ सालीं, प्रभातच्या 'संत सखू'मध्यें १९४१ सालीं आणि 'रामशास्त्री'मध्यें १९४४ सालीं त्यांनीं काम केलें. १९४७ सालच्या 'लोकशाहीर रामजोशी'मधील त्यांच्या बयेनें महाराष्ट्रास वेड लावलें आणि तमाशापटांची वाट मोकळी केली. सोलापूरचा ब्राह्मण तमाशाच्या फडांत शिरला तर तो लोकशाहीर होतो, चरित्रनायक होतो. फडांत जन्मलेली बया मात्र जन्मभर बयाच राहते. पुढें १९५९ सालीं अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला. त्यांत गांवच्या पाटलाचें दुष्कृत्य भर तमाशांत चव्हाट्यावर मांडणारी चिमा हंसाबाईंनीं उभी केली. पुण्याच्या विजयानंद चित्रगृहांत हा चित्रपट १३१ आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षें लोक रांग लावून तिकिटें काढीत होते.

आतां पडद्यामागची बाजू पाहा. बाईंचें लग्न कोंवळ्या वयांत झालें. लग्नानंतर स्टुडिओचा उंबरठा सोडावा, चूल-संसार करावा, ही त्यांची मोठी हौस. पण कमावत्या बायकोस घरीं बसवील असा नवरा कोठून मिळणार? त्या कमावीत गेल्या आणि संसार त्यांच्या मिळकतीवर चालत राहिला. मनाजोगा संसार तर मिळाला नाहींच. संशय आणि भांडणें मिळालीं, पुढें दारू जडली. एकदां घर सोडून गेल्या, तर मराठवाड्यांतील एका खेड्यांत दुसऱ्याच्या वाड्यांत कोंडल्यासारख्या राहिल्या. एका दाव्याचें दुसरें दावें झालें, इतकेंच. १९७१ सालीं, पन्नाशीही न गांठतां, त्यांचें देहावसान झालें.

'संत सखू'ची कथा आमच्या आयाबायांस तोंडपाठ आहे. सासरचा जाच सोसणारी सखू पंढरीस जाते आणि तिच्या जागीं पांडुरंग स्वतः दोरांत बांधून घेतो, सासूचें दळणकांडण करतो. ही सखू पडद्यावर पाहून बायका पदरानें डोळे पुसीत. पण सखू झालेली बाई संध्याकाळीं रंग पुसून घरीं जाई, तेव्हां तिच्या जागीं बांधून घ्यावयास कोणताही पांडुरंग आला नाहीं. देवाच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याची शिकवण बायकांस कोणीं दिली आणि त्यांत कोणाचें फावलें, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

ही हकीकत आम्ही कोणाच्या चहाडीवरून सांगत नाहीं. बाईंनीं स्वतःच ती सांगितली. अरुण साधू यांनीं ती शब्दबद्ध केली आणि १९७० सालीं 'सांगत्ये ऐका' ह्याच नांवानें पुस्तकरूपानें आली. आपल्या चुकांवर बाईंनीं पांघरूण घातलें नाहीं. ह्याच पुस्तकाच्या आधारें श्याम बेनेगल यांनीं 'भूमिका' चित्रपट काढला. त्यांतील कामाबद्दल स्मिता पाटील यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट १९७७ सालचा, म्हणजे हंसाबाईंच्या मागें सहा वर्षांनीं. जिवंतपणीं नांवें ठेवणें आणि मेल्यावर हार घालणें, हा आमच्या समाजाचा जुना शिरस्ता आहे.

येथें कोणी म्हणेल, "सिनेमाचा धंदाच वाईट, तेथें जाणारीची गत अशीच व्हावयाची." आमचा त्यास एक प्रश्न आहे. १९३२ सालीं प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्यें दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या, तेव्हां सुशिक्षित, कुलीन घराण्यांतील स्त्री पडद्यावर आली म्हणून त्यांचें केवढें कौतुक झालें! दुर्गाबाई थोर अभिनेत्री, त्यांची योग्यता आम्हांस मान्य आहे. सासरीं आर्थिक विपत्ती आल्यावर त्या पोटासाठींच ह्या कामांत उतरल्या आणि पहिल्या चित्रपटाच्या वेळीं त्यांनाही टीका सोसावी लागली. पण दोघींचें काम एक, दोघींचें कारण एक. मग एकीच्या येण्यानें धंदा पवित्र झाला आणि दुसरीच्या असण्यानें तो बाटला, हा हिशेब कोणत्या पाटीवर मांडला? ज्यांच्या आज्या-पणज्यांनीं गाणें जिवंत ठेवलें त्या कुलहीन, आणि मागाहून आलेल्या कुलीन! 'कुलीन' हा शब्द स्तुतीचा दिसतो, पण त्याच्या पाठीमागें दुसरीस दिलेली शिवी लपलेली असते.

शाहू छत्रपतींनीं १९२० सालीं आपल्या राज्यांत जोगतिणी-मुरळ्यांची चाल बंद करणारा कायदा केला. महाराजांचा राग गाण्यावर नव्हता. गायक, वादक, मल्ल, नट यांस त्यांच्याइतका आश्रय कोणीं दिला? त्यांचा राग होता तो अज्ञान पोरीस तिला न विचारतां दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यावर. हा भेद आमच्या गांवकऱ्यांनीं ध्यानांत घ्यावा. नाच वाईट नाहीं, गाणें वाईट नाहीं. तेरा वर्षांच्या पोरीच्या पायांतल्या चाळांवर बापानें, भावानें, नवऱ्यानें जेवणें, आणि वर तिलाच नांवें ठेवणें, हें वाईट.

आतां कायद्याचें पाहूं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानें हिंदू स्त्री आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकीण झाली. तिनें स्वकष्टानें मिळविलेलेंही त्यांत आलें. बालकलाकारांसाठीं २०१६ सालीं बालमजुरीचा कायदा सुधारला आणि २०१७ सालीं नियम झाले. चौदा वर्षांखालील मुलास चित्रपटांत वा अशा कार्यक्रमांत घ्यावयाचें तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी पाहिजे. दिवसाला पांच तासांहून अधिक काम नाहीं. विश्रांतीवांचून तीन तासांहून अधिक नाहीं. शाळा बुडतां कामा नये. आणि मिळकतीपैकीं निदान वीस टक्के मुलाच्या नांवें राष्ट्रीयीकृत बँकेंत मुदतठेव म्हणून पडले पाहिजेत. नियम चांगले आहेत. परंतु शंभरांतले वीस मुलीचे, तर उरलेले ऐंशी कोणाचे, हें नियम सांगत नाहींत. तें घरानेंच ठरवावयाचें आहे. आणि हंसाबाईंचें आयुष्य कायद्याच्या पुस्तकांत नासलें नाहीं, घरांतच नासलें.

मुलीच्या बापास आम्हीं हें सारें बसवून सांगितलें. तो म्हणाला, "गुरुजी, तुमचा कायदा खरा, पण कर्ज माझ्या डोक्यावर आहे." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. गरिबीस उपदेशानें पोट भरतां येत नाहीं, हें आम्ही पंचवीस पटाची पोषण आहाराची पंगत रोज वाढतांना पाहतोंच. आम्हीं एवढेंच विचारलें, "कर्ज तुझें कीं तिचें? तें तिनें काढलें होतें काय?" तो बराच वेळ खालीं पाहत बसला आणि उठून गेला. मुलगी अद्याप वर्गांत येते. आम्हीं बाप-लेकींस बरोबर नेऊन बँकेंत तिच्या नांवाचें खातें उघडविलें; पासबुकावर तिनें स्वतःच्या हातानें सही केली. तिचा नाच आम्हीं बंद केलेला नाहीं, पुढल्या संमेलनांतही ती नाचेल.

आमच्या गांवोगांवच्या बांधवांस आमची विनंती एवढीच आहे. लेकीस कला असेल तर ती शिकवा, पण शाळा सोडवूं नका. ती कमावूं लागली तर पासबुक तिच्या हातीं द्या आणि तें वाचण्याइतकी तिला शहाणी करा. तिच्या कमाईची भाकरी खात असाल तर तिचें नांव घेतांना मान खालीं घालूं नका. आणि ज्या दोघां गृहस्थांनीं आम्हांस जाब विचारला, त्यांस आमचें सांगणें असें कीं, आपल्या मोबाइलांत तें चित्रण अजून आहे. पोर वाईट दिसत असेल तर आधीं तें पुसून टाका, मग शाळेंत या.

— एक ग्रामशिक्षक