बालसंगोपन : मोडलेली संवय

उमरगा तालुक्यांतील एका भगिनीचें पत्र या महिन्यांत आलें आहे. त्यांचा मुलगा साडेचार वर्षांचा. तिसरें वर्ष संपण्यापूर्वींच तो शू-शी सांगूं लागला होता, आणि घरांत त्याचें मोठें कौतुक चाललें होतें. गेल्या मार्गशीर्षांत त्याला बहीण झाली. जूनपासून तो बालवाडींत जाऊं लागला. तेव्हांपासून दिवसांतून दोनतीन वेळां त्याची चड्डी थोडथोडी भरते, आणि विचारलें तर "मला कळलेंच नाहीं" असें तो सांगतो. बालवाडींतून त्याला दोनदां घरीं पाठविण्यांत आलें. मामंजी म्हणतात, लाडाचा परिणाम. सासूबाई म्हणतात, मुद्दाम करतो. पाण्याचा टँकर दोन दिवसांआड येतो, आणि धुणें अर्थातच या भगिनीच्या वाट्याचें. पत्राच्या अखेरीस त्या लिहितात कीं परवां न राहवून त्यांनीं मुलाला मारलें. तो रडला नाहीं, नुसता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. या शेवटच्या ओळीसाठींच हें उत्तर खाजगी न पाठवितां येथें देत आहें, कारण अशीं घरें एकदोन नाहींत.

पत्रांतील "थोडथोडी" आणि "कळलेंच नाहीं" हे दोन शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. मूल खोटें बोलत नाहीं. बहुतेक वेळां याच्या मुळाशीं जुनाट मलावरोध असतो, आणि तो घरांत कोणाच्याहि ध्यानांत येत नाहीं. कारण दिसतें तें उलट, म्हणजे पातळ शौच. घडतें तें असें. एखादे वेळीं कठीण शौचाला होऊन मुलाला दुखतें. तें दुखणें त्याच्या मनांत बसतें, आणि पुढच्या वेळीं जोर आला कीं तें आवरून धरतें. पाय आंवळून, चवड्यांवर उभें राहून, पडद्याआड वा कोपऱ्यांत तोंड लाल करून तें उभें असतें. पाहणारास वाटतें कीं तें कुंथत आहे. वस्तुतः तें रोखून धरीत असतें. सांचलेला मळ मोठ्या आंतड्याच्या शेवटच्या भागांत घट्ट होतो, तो भाग ताणला जाऊन फुगतो, आणि फार दिवस ताणलेल्या आंतड्याला भरल्याची जाणीवच उरत नाहीं. मग वरचा पातळ मळ त्या गोळ्याच्या कडेनें पाझरून चड्डींत येतो. मुलाला तो येतांना कळत नाहीं. रोजची संवय झाल्यानें वासहि येत नाहीं. फुगलेलें आंतडें शेजारच्या मूत्राशयावर दाब देतें, म्हणून अशा मुलांची शूहि पुष्कळदां सुटते.

आतां यावर घरगुती उपाय काय होतो तो पाहा. जुलाब समजून मुलाचें खाणें कमी करितात, किंवा शेजारणीनें सांगितलेलें जुलाब थांबविण्याचें औषध पाजतात. चड्डी भिजते म्हणून पाणी तोडतात. ज्या जिल्ह्यांत पाण्याचा दुष्काळ पांचवीला पुजलेला, तेथें मुलाला तांब्याभर पाणी कमी देणें कोणास खटकतहि नाहीं. परिणाम एकच : गोळा अधिक कठीण होतो. सकाळपासून दुपारपर्यंत मुलाला भरपूर पाणी द्यावें, आणि सायंकाळनंतर तें बेताचें करावें. आमच्याकडची ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, मोडाचीं कडधान्यें, पेरू, पपई हीं या विकारावर उत्तम. पण अलीकडे मुलें दिवसभर दूध-बिस्किटांवर असतात, आणि भाकरी वडील माणसांच्या ताटांत राहते.

खाण्यानें पुढचें सुधारेल, पण सांचलेलें निघावयास डॉक्टरच पाहिजे. पोट तपासून तो प्रथम आंतडें मोकळें करणारें औषध देईल, आणि नंतर मळ मऊ ठेवणारें औषध कित्येक महिने चालू ठेवावयास सांगेल. येथेंच बहुतेक घरें चुकतात. आठ दिवसांत चड्डी कोरडी राहिली कीं औषधाची संवय लागेल म्हणून तें बंद करितात. ताणलेल्या आंतड्याला पूर्वस्थितीवर येण्यास महिने लागतात, आणि तोंवर औषध सोडलें तर महिन्याभरांत पुन्हां पहिले पाढे पंचावन्न.

औषधाच्या जोडीला बसण्याची वेळ ठरवावी. जेवणानंतर आंतड्याला स्वाभाविक चालना मिळते. म्हणून सकाळच्या खाण्यानंतर व रात्रीच्या जेवणानंतर वीसतीस मिनिटांनीं मुलाला पांच ते दहा मिनिटें बसवावें, अधिक नाहीं. पाय टेकलेले आणि गुडघे कमरेहून थोडे वर असावेत. आमच्या आज्या तान्ह्या मुलाला आपल्या दोन पावलांवर बसवून "शू शू" करीत, त्यांत मूल पडण्याची भीति नव्हती आणि आईचा आधार होता. आतां घरोघर संडास झाले हें चांगलेंच झालें. पण साडेचार वर्षांच्या मुलाला तें भांडें केवढें दिसतें, आंत अंधार, दार लावलेलें, याचा विचार कोण करतो? दार उघडें ठेवावें, दिवा लावावा, धरावयास बाजूला एखादा पाट किंवा स्टूल द्यावें. नाहीं तर मुलांच्या भांड्यावर अंगणांत बसवावें. बसल्याबद्दल शाबासकी द्यावी, झाल्याबद्दल नव्हे. कारण बसणें त्याच्या हातचें, होणें नाहीं.

धुण्याचा प्रश्न मी हंसण्यावारीं नेत नाहीं. दोन दिवसांच्या पाण्यांत सारें घर चालविणारीनें दिवसाकाठीं तीन चड्ड्या धुवावयाच्या, हें सांगणें सोपें आहे. जुन्या लुगड्याचीं वा धोतराचीं मऊ फडकीं घडी करून चड्डींत ठेवावीं, म्हणजे चड्डीऐवजीं फडकेंच बदलावें लागतें. मळ आधीं संडासांत झटकावा, पहिली खळबळ भांडीं विसळलेल्या पाण्यांत काढावी, शेवटची तेवढी चांगल्या पाण्यांत, आणि कडक उन्हांत वाळवावें. गादीखालीं मेणकापड घालावें. आणि यांतील एक वेळ मुलाच्या वडिलांनीं धुवावें. तक्रारीचा सूर मग आपोआप उतरतो, असा माझा अनुभव आहे.

सोंवळ्याविषयीं एक शब्द. आमच्या घरांतून शौचाचा विटाळ फार. चड्डी भरलेल्या मुलाला "लांब हो, शिवूं नको" हें दिवसांतून किती वेळां ऐकावें लागतें, तें मोजून पाहावें. देवघराचें सोंवळें सांभाळावयाचें तर सांभाळावें. पण मूल स्वच्छ झाल्यावर कोणीतरी लगेच त्याला जवळ घ्यावें. भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा मुलगा हट्टी नसतो, लाजेनें गोठलेला असतो. आणि लाजलेलें मूल भरलेली चड्डी लपवून ठेवतें, मदत मागत नाहीं.

याच जिल्ह्यांतलें तेर हें गोरोबाकाकांचें गांव. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणें मारून कोणाचें मडकें कच्चें हें त्यांनीं ठरविलें, ही कथा आपण मुलांना सांगतों. पण थापटण्यानें फक्त कच्चेंपण समजतें. मडकें भाजतें तें आव्यांत, आणि त्याला वेळ लागतो, हें कुंभाराला कोणी शिकवावें लागत नाहीं.

बहिणीचा जन्म आणि बालवाडी हीं दोन्ही कारणें लागोपाठ आलीं, हेंहि लक्षांत घ्यावें. भीति आणि उलथापालथ यांनीं मुलांची लागलेली संवय मोडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागांत भूकंप झाला, तेव्हां उमरगा-लोहारा बाजूचीं कुटुंबेंच्या कुटुंबें उघड्यावर आलीं; अशा आपत्तींनंतर कोरडीं झोपणारीं मुलें पुन्हां अंथरूण भिजवूं लागतात, हें जगभर आढळलेलें आहे. पाळण्यांतल्या नव्या बाळाशीं भूकंपाची तुलना कोणास हास्यास्पद वाटेल. साडेचार वर्षांच्या जिवाला ती वाटणार नाहीं. रोज अर्धा तास आई एकट्या त्याची असावी, बाळ त्या वेळीं सासूबाईंच्या मांडीवर.

बालवाडीच्या बाईंना भेटून मुलाला हा एक विकार आहे हें स्पष्ट सांगावें, दप्तरांत कोरडी चड्डी व पिशवी द्यावी, आणि डबा खाल्ल्यावर त्याला न चुकतां पाठविण्याची विनंति करावी. मूल घरीं पाठविणें हा उपाय नव्हे. ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला, आणि १९४५ पासून बोर्डीस बालवाडीचें काम चालविलें; मुलांची स्वच्छता हें तेथें शिक्षणाचेंच अंग मानलें जाई. ज्यांचीं मुलें अंगणवाडींत जातात त्यांनीं तेथें तपासणीसाठीं वर्षांतून दोनदां येणाऱ्या सरकारी वैद्यकीय पथकाला ही गोष्ट संकोच न करितां सांगावी.

रात्रीं अंथरूण ओलें होणें ही निराळी बाब, व तिची चिंता येथें नको. पांच वर्षांच्या शंभर मुलांतील सुमारें पंधरा मुलें रात्रीं भिजवितात, आणि दरसाल त्यांतलीं कित्येक आपोआप थांबतात. आईबापांपैकीं एकाला ती खोड असली तर मुलांत ती पुष्कळदां उतरते. मामंजींना एकांतांत विचारून पाहावें, चिरंजीव कितव्या वर्षीं कोरडे झाले !

मात्र कांहीं चिन्हें दिसतांच थांबूं नये. कोरडें राहणारें मूल एकाएकीं सारखी शू करूं लागलें, फार पाणी पिऊं लागलें व वाळूं लागलें, तर त्याच दिवशीं रक्तांतील साखर तपासावी; हा मधुमेह असूं शकतो, आणि मुलांत तो दिवसांच्या हिशेबानें वाढतो. लघवीला आग, ताप, शौचांतून रक्त, पोट फुगून उलट्या, चालण्यांत वा पायांच्या बळांत फरक, किंवा जन्मापासूनच मलावरोध, यांपैकीं कांहीं असल्यास तालुक्याच्या ठिकाणचें रुग्णालय गांठावें.

दर रविवारीं एरंडेल द्यावें काय, असेंहि पत्रांत विचारलें आहे. देऊं नये. त्यानें पोटांत कळा येतात, मुलाला तेंच जुनें दुखणें आठवतें, आणि सोमवारपासून तें पुन्हां रोखून धरूं लागतें. साबणाची वात किंवा एनिमाहि घरच्या घरीं नको.