हौसेचा तलाव, सांडव्याची जाळी

मासेमारी आणि नौकाविहारासाठी राखलेले छोटे खासगी धरण सिंचनाच्या धरणासारखे वागत नाही. सिंचनाचा जलाशय दरवर्षी उतरतो. उन्हाळ्यात पिचिंग उघडे पडते, अभियंता त्यावरून चालत जातो, विमोचकाचे दार वर-खाली करून पाहतो. हौसेचा तलाव मात्र बारमाही काठोकाठ हवा असतो, कारण पाणी उतरले की चिखल दिसतो आणि पाहुण्यांची नाराजी होते. त्यामुळे पूर सामावायला जलाशयात जागाच राहत नाही. आलेले सगळे पाणी सांडव्यानेच बाहेर पडावे लागते आणि पाण्याकडचा उतार वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेला पडत नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या साउथ फोर्क धरणाची कहाणी या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. ते बांधले राज्य सरकारने, 1838 ते 1853 या काळात, कालव्याला पाणी पुरवण्यासाठी. सुमारे 22 मीटर उंचीचा मातीचा भराव, तळाच्या दगडी मोरीत ओतीव लोखंडाचे नळ आणि कडेच्या खडकात खोदलेला सांडवा, असे त्याचे स्वरूप होते. रेल्वे आली आणि कालव्याचे काम संपले. 1862 मध्ये मोरीपाशी भराव फुटला, पण तलावात पाणी कमी होते म्हणून निभावले. पुढे एका मालकाने तळाचे नळ उपसून भंगारात विकले. 1879 मध्ये ही जागा पिट्सबर्गच्या धनिकांच्या मासेमारी व शिकार क्लबकडे आली. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री क्ले फ्रिक हे त्याचे सभासद होते.

क्लबने खिंडार माती, झुडपे, गवत आणि शेणखत टाकून बुजवले. नळ परत बसवले नाहीत. माथ्यावरून घोडागाड्या नीट जाव्यात म्हणून माथा दोन-तीन फूट उतरवून रुंद केला. दुरुस्त केलेला मधला भाग पुढे खचला, म्हणजे जिथे माथा सर्वांत उंच हवा तिथेच तो सखल झाला. सांडव्यावर पूल बांधला आणि तलावात सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून त्याखाली जाळ्या लावल्या. प्रत्येक बदलाला त्या-त्या वेळी सोयीचे कारण होते. यातला कोणताही बदल करताना पुराचे गणित मांडले गेल्याचे दिसत नाही. खालच्या खोऱ्यातील केंब्रिया लोखंड कारखान्याने 1880 मध्ये आपला अभियंता पाठवला. दुरुस्ती भरवशाची नाही आणि तलाव रिता करण्याची सोयच नाही, हे दोन्ही दोष त्याने लेखी कळवले. दुसरा दोष अधिक गंभीर होता, कारण पाणी उतरवता येत नाही तोवर पहिला दुरुस्तही करता येत नाही. तुमच्या लोकांना धोका नाही, असे उत्तर क्लबकडून आले.

31 मे 1889 रोजी अतिवृष्टीने तलाव तासातासाला चढत होता. मजुरांनी माथ्यावर मातीचा बांध घालण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या टोकाला नवा चर खणायला घेतला, पण कठीण जमीन लागल्याने तो उथळच राहिला. जाळ्या काढायचे ठरले तोवर त्यांत झाडोरा गच्च अडकला होता. दुपारच्या आत पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि तिनाच्या सुमारास भराव गेला. सुमारे 1 कोटी 45 लाख घनमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा टीएमसी पाणी खोऱ्यात उतरले आणि जॉन्सटाउन व आसपासच्या वस्त्यांतली 2,209 माणसे दगावली. तारेने इशारे गेले होते. पण धरण फुटल्याची आवई दर पावसाळी हंगामात उठत असल्याने ते फारसे कोणी मनावर घेतले नाहीत.

अमेरिकन स्थापत्य अभियंता संस्थेच्या समितीने आपल्या अहवालात, मूळ आराखड्याप्रमाणे धरण ठेवले असते तरी त्या पुरात ते फुटलेच असते, असा निष्कर्ष काढला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जलशास्त्रीय फेरतपासणीने तो खोडून काढला. मुद्दा साधा आहे. मुक्त सांडव्याचा विसर्ग पाण्याच्या शीर्षाच्या दीड घातांकाने बदलतो. शीर्ष 3 मीटरवरून 2 मीटरवर आले, तर उंची एक-तृतीयांशाने घटते, पण विसर्ग जवळजवळ 46 टक्क्यांनी. माथा उतरवणे म्हणजे सांडवा अरुंद करण्यासारखेच, हे क्लबच्या गाडीवाटेचा विचार करताना कोणाच्या ध्यानात आले नसावे.

छोट्या खासगी धरणाच्या तपासणीचा क्रम यातूनच ठरतो. आधी माथ्याची लेव्हल घ्यावी, तीही पूर्ण लांबीभर. नुसत्या नजरेला हातभर खचलेला माथाही सपाट दिसतो. मग सांडवा पाहावा: पूल, जाळी, कुंपण, शोभेची कारंजी, सांडव्याची पातळी वाढवण्यासाठी रचलेल्या वाळूच्या गोण्या. विमोचक प्रत्यक्ष उघडून बघावा. दार गंजून बसले असेल तर ते नसल्यातच जमा. भरावातून गेलेल्या जुन्या नळाच्या बाहेरून पाझर येत असल्यास पाणी स्वच्छ की गढूळ, हे पाहून तपासणीची निकड ठरते. गढूळ पाण्याबरोबर भरावाची माती बाहेर येत असते. पायथ्याशी सावलीसाठी लावलेली मोठी झाडे, उंदीर-घुशींची बिळे आणि उतारावरची ओल यांची नोंद त्यानंतर. 

भारतात धरण सुरक्षा कायदा, 2021 हा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना तो माथ्याची लांबी 500 मीटर, साठा 10 लाख घनमीटर, पूर विसर्ग सेकंदाला 2,000 घनमीटर, पायाची विशेष अडचण किंवा असामान्य आराखडा यांपैकी एखादी अट पूर्ण झाली तरच लागू होतो. कक्षेतल्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी मालकाला बंधनकारक आहे. फार्महाउस किंवा रिसॉर्टचा आठ-नऊ मीटरचा बांध या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो, मग खाली वाडी असो वा नसो. अशा ठिकाणी सल्लागार अभियंत्याच्या अहवालाखेरीज दुसरा कागद बहुधा नसतो. म्हणून त्यात माथ्याच्या पातळ्या, सांडव्याचा हिशेब, तलाव किती दिवसांत रिता करता येतो याचा आकडा आणि खालच्या बाजूच्या घरांचे अंतर एवढे तरी असावे आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीकडे द्यावी.